उरलेली अर्धी कथा

“ब्लॉग? आता कोण वाचतं हो ब्लॉग!” असं हल्ली साहित्याच्या कार्यक्रमांतसुद्धा ऐकू येतं. पाट्या-वरवंट्याबद्दल बोलावं तशा सुरात. होता एकेकाळी, बरा होता, आता माळ्यावर टाका. रील आलं, फेसबुक आलं, प्रत्येक बाईच्या हातात व्हॉट्सअॅप आलं. मग स्वतःचं वेगळं पान उघडून, त्याला नाव देऊन, तिथे आपल्याच घरातल्या गोष्टी लिहीत बसायचं कशाला?

प्रश्न चुकीचा नाही. पण तो विचारणारे बहुतेक जण फक्त वाचकांची संख्या मोजतात, म्हणून मला त्यावर लिहावंसं वाटलं.

आधी झालं काय ते बघू. ‘ब्लॉगर’ 1999 साली निघालं, 2003 साली ते गूगलनं घेतलं आणि त्याच वर्षी वर्डप्रेसही आलं. आपल्याकडे खरी अडचण होती ती अक्षरांची. युनिकोड रुळलं, ‘गमभन’सारखी सोय मराठी माणसानंच करून दिली, आणि आमच्या सीमाभागात कानडी मुलांच्या संगणकावर असायचं ते ‘बरहा’ मराठीलाही चालायला लागलं. (बरह म्हणजे कानडीत लिखाण. बेळगावात हे कुणाला सांगावं लागत नाही, बाहेरच्यांसाठी सांगते.) त्यानंतरच्या पाच-सात वर्षांत मराठीत पुष्कळ पानं उघडली. परदेशी गेलेल्या मुली लिहायच्या, निवृत्त झालेले शिक्षक लिहायचे, आणि पहिल्यांदाच संपादकाच्या होकाराची वाट न बघता घरातल्या बायका लिहायच्या.

मग वाचकांना नवीन लेखाची वर्दी देणारं ‘गूगल रीडर’ 2013 च्या जुलैत बंद झालं. माणसं फेसबुककडे आधीच निघाली होती, ती आता पूर्णच गेली. तिथं काही शोधत जावं लागत नव्हतं, सगळं समोर येऊन पडत होतं. ब्लॉगचे वाचक आटले ते असे. लेख वाईट झाले म्हणून नव्हे. लेखापर्यंत जाणारी वाट मोडली.

अर्थात लेखही काही सगळे चांगले नव्हते. त्या काळातलं बरंच वाचलेलं मला आठवतं. निम्म्याहून जास्त पानांवर पाऊस असायचा. पाऊस, चहा आणि शाळेतल्या आठवणी. उरलेल्या निम्म्यात आईची थोरवी. आई सगळ्यांचीच थोर असते, पण तिच्या हातची आमटी नेमकी कशानं वेगळी लागायची ते मात्र कुणी लिहीत नव्हतं. आणि शेवटी उपदेशाचा परिच्छेद ठरलेला. संपादक नसल्याचं स्वातंत्र्य जसं होतं तसा तोटाही होता. हे सगळं मान्य करूनच मी पुढचं म्हणते आहे.

आपल्या घरांतून बनारसीदास माहीत असतात ते ‘समयसार नाटक’मुळे. स्वाध्यायात ते वाचलं जातं. पण या गृहस्थांनी 1641 साली आग्र्यात आणखी एक पुस्तक लिहिलं, ‘अर्धकथानक’. वय पंचावन्न. माणसाचं आयुष्य एकशे दहा वर्षांचं धरलं तर ही अर्धी कथा, म्हणून ते नाव. मी स्वतः पन्नाशी ओलांडल्यावर ते वाचलं, त्यामुळे असेल, मला ते फारच जवळचं वाटलं. भाषाही त्यांनी ग्रंथी घेतली नाही, मध्यदेशाची बोली घेतली. बाजारात बोलतात ती.

आणि सांगितलं काय? आपण व्यापारी, आणि व्यापारात पुन्हा पुन्हा बुडालो, हे सांगितलं. एका संन्याशानं मंत्र दिला, वर्षभर गुप्तपणे जपलास तर दारात रोज एक सोन्याचं नाणं मिळेल म्हणाला. आपण तो संडासात बसून जपला, हे सांगितलं. तारुण्यात शृंगाराची पोथी रचली होती, ती पुढे गोमती नदीत फेकून दिली, तेव्हा मित्र हळहळले, हेही सांगितलं. नऊ मुलं झाली, नऊही गेली. पुस्तकाच्या शेवटी स्वतःच्या गुणांची यादी आणि दोषांचीही. दुष्ट लोक हसतील, मित्र ऐकतील-सांगतील, अशा अर्थाचं म्हणून त्यांनी हात आवरता घेतला.

अकबर 1605 साली गेला ही बातमी जौनपूरला पोचली तेव्हा बनारसीदास जिन्यावर बसले होते. भोवळ येऊन खाली पडले, कपाळ फुटलं. गावात एकच घबराट. दुकानं बंद, लोकांनी दागिने पुरून ठेवले, पैसेवाल्यांनी जाडेभरडे कपडे घातले. दहा दिवसांनी जहांगीर गादीवर बसल्याची खबर आली तेव्हा गाव पुन्हा सुरू झालं. दरबारच्या बखरी आपल्याकडे आहेतच. पण बादशहा गेल्यावर वाण्याच्या घरात काय झालं, ते कळतं या जिन्यावरून पडलेल्या माणसामुळे.

आता वाचकसंख्येचं. आग्र्यात खिशात काही उरलं नव्हतं तेव्हा बनारसीदास घरी बसून रात्री ‘मधुमालती’ आणि ‘मृगावती’ वाचून दाखवायचे. ऐकायला दहा-वीस माणसं यायची. हा आकडा त्यांनीच लिहून ठेवलाय. त्यांतला एक कचोरीवाला. त्याच्याकडून हे उधारीवर कचोऱ्या खायचे. एक दिवस धीर करून त्याला एकांतात सांगितलं की माझ्याकडे पैसे नाहीत. तर तो म्हणाला, खात जा, पैशाची बात नको. काही महिने असंच चाललं.

दहा-वीस माणसं. चांगल्या ब्लॉगलाही रोजचे तेवढेच वाचक असायचे. आणि ‘अर्धकथानक’ स्वतः तर तीनशे वर्षं हस्तलिखितातच राहिलं. नाथूराम प्रेमींनी ते मुंबईत छापलं 1943 साली. “कोण वाचतं” हा प्रश्न 1700 साली किंवा 1800 साली विचारला असता तर उत्तर काय आलं असतं?

पण या पुस्तकात मला एक गोष्ट सलते. व्यापारात सगळं घालवून बनारसीदास सासुरवाडीला खैराबादला जातात. बायकोपासून आधी लपवायला बघतात, मग खरं सांगतात. ती आपल्याजवळ साठवलेले वीस रुपये काढून त्यांच्या हातावर ठेवते, आणि रात्री आपल्या आईकडे जाऊन, यांची लाज राख म्हणते. आई दोनशे रुपये देते. प्रसंग त्यांनी मनापासून लिहिलाय, श्रेय द्यायला कसूर केलेली नाही. तरी ते वीस रुपये तिनं कशातून वाचवले होते, किती वर्षांत, कुठे लपवले होते, आईच्या उंबऱ्यात उभं राहून पहिलं वाक्य काय बोलली, यातलं आपल्याला काही कळत नाही. कळणार कसं? सांगायला तिचं पान नाही. ‘अर्धकथानक’ नावाचा कवीच्या मनातला अर्थ आयुष्याच्या निम्म्याचा. पण मला ते वाचताना दर वेळी वाटतं, उरलेली अर्धी कथा खैराबादच्या त्या खोलीत राहून गेली.

मराठीत ती उरलेली अर्धी पुष्कळ लिहिली गेली, हे आपलं भाग्य. रमाबाई रानड्यांच्या आठवणी 1910 च्या. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ पुस्तक होण्याआधी ‘संजीवनी’ साप्ताहिकात थोडी थोडी येत होती. बेबी कांबळे फलटणला छोटं दुकान चालवता चालवता, घरच्यांच्या नजरेआड वह्या लपवून लिहीत राहिल्या. ‘जिणं आमुचं’ आधी ‘स्त्री’ मासिकातून आलं, मग 1986 साली पुस्तक झालं. हप्त्याहप्त्यानं, आपल्या बोलीत, कुणी मोठं समजणार नाही अशा गोष्टी. ब्लॉगवर चांगल्या लिहिणाऱ्या बायका नेमकं हेच करत होत्या. फरक इतकाच की साप्ताहिकाला संपादक लागायचा आणि वही लपवावी लागायची.

माझी एक मैत्रीण निपाणीकडची. तिनं सहा-सात वर्षं आपलं पान चालवलं. साठेक लेख असतील, त्यांतले वीस खरोखर चांगले. (सणांवरचे सोडून द्यावेत.) त्यांतला एक तंबाखूच्या आंदोलनाचा. 1981 च्या मार्च-एप्रिलमध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक शेतकरी निपाणीला महामार्गावर जाऊन बसले, शेवटी पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली. याबद्दल पुस्तकांत वाचायला मिळतं. मैत्रीण तेव्हा शाळकरी. तिनं लिहिलंय ते भाकऱ्यांबद्दल. रस्त्यावर बसलेल्यांसाठी गावागावांतून भाकऱ्या जायच्या. त्यांच्या घरातून रोज किती जायच्या, थापायला कोण कोण बसायचं, चुलीपाशी आजी आणि पाटीत रचायला धाकटी काकू, आपल्या घरात सूर्यास्तानंतर चूल पेटत नाही म्हणून सगळं दिवसाउजेडी उरकायची घाई, आणि गोळीबाराच्या दिवशी थापून झालेल्या भाकऱ्या तशाच पाटीत राहिल्या. रात्री कुणी त्यांना हात लावला नाही, दुसऱ्या दिवशी त्या गुरांना घातल्या. बस, एवढाच लेख. शेवटी उपदेश नाही.

हे व्हॉट्सअॅपवर लिहिलं असतं तर? तीस जणींनी हात जोडले असते, दोघींनी फूल टाकलं असतं, आणि संध्याकाळी क्षमावणीच्या शुभेच्छांखाली ते गाडलं गेलं असतं. वर्षानं कुणाला हवं असेल तर सापडणार नाही. ग्रुपवर लिहिताना आपण समोरच्या माणसांसाठी लिहितो, तोंडावर पावडर लावूनच लिहितो. पाटीत उरलेल्या भाकऱ्या तिथं येत नाहीत. आता तर काय, दोन शब्द सांगितले की यंत्र आठवणीसुद्धा लिहून देतं. छान लिहितं, शुद्धलेखन माझ्याहून बरं. फक्त आमच्या आजीच्या चुलीला तोंड कुठल्या दिशेला होतं ते त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

मला यात खरी अवघड वाटते ती दुसरीच गोष्ट, आणि ब्लॉगच्या बाजूनं बोलणारे ती टाळतात. बनारसीदासांच्या सासूबाईंनी ‘अर्धकथानक’ वाचलं नाही. ब्लॉग मात्र आज रात्रीच नणंद वाचते. सुनीताबाईंचं ‘आहे मनोहर तरी’ 1990 साली आलं तेव्हा पु. ल. हयात होते, आणि घरातलं बाहेर काढावं का यावर घराघरांत वाद झाले. तो वाद एका नामवंत घराचा होता. आपल्यासारख्या बाईनं जावेबद्दल चार ओळी लिहिल्या तर वाद पेपरात होत नाही, तो लग्नकार्यात होतो, आणि वर्षानुवर्षं पुरतो. माझ्या मैत्रिणीनं असा एक लेख काढून टाकला. चांगला होता तो. काढला ते तिनं बरोबर केलं असं मी म्हणेन, कारण त्यात जावेचा दोष होता आणि जावेकडे उत्तर द्यायला पान नव्हतं. बनारसीदास वाचताना राग येत नाही याचं एक कारण हेच असावं, की चव्हाट्यावर आणलाय तो बहुतेक स्वतःचाच पोरकटपणा. पण या भीतीनं बाईनं लिहूच नये, आणि मग पाऊस-चहाच लिहावं, हेही मला पटत नाही. भाकऱ्यांच्या लेखात घरातली सगळी माणसं आहेत आणि कुणाचीही अब्रू गेलेली नाही.

आणि जागेचं काय? तिचं पान नवऱ्याच्या ऑफिसच्या ईमेलवरून उघडलेलं होतं. तेव्हा घरात तोच एक पत्ता. तो निवृत्त झाला, पत्ता बंद झाला, आणि तिला आपल्याच पानात शिरता येईना. वाचता येतं, लिहिता येत नाही. पुसताही येत नाही. किती जणींचं असं झालं असेल! आपण लिहायला बसलो तीसुद्धा दुसऱ्याच्या किल्लीवर. ऑर्कुट 2014 साली बंद झालं तेव्हा त्यावर लिहिलेलंही असंच गेलं. म्हणून मी सगळ्यांना सांगते, पान उघडा, पण स्वतःच्या पत्त्यावर उघडा, पासवर्ड मुलाला ठाऊक आणि तुम्हाला नाही असं ठेवू नका, आणि वर्षातून एकदा लेख कागदावर छापून, टाचून, कपाटात ठेवा. बनारसीदासांची पोथी तीनशे वर्षं टिकली ती कुणीतरी नकलून घेतली म्हणून.

मैत्रिणीनं गेल्या चातुर्मासात नवं पान उघडलं. स्वतःच्या ईमेलवर, नातीनं शिकवलं तसं. पहिला लेख भाकऱ्यांचाच, जुन्या पानावरून हातानं उतरवून घेतलेला. वाचक किती म्हणून मी विचारलं तर म्हणाली, अकरा. या वेळी तिनं थोडी भर घातली आहे. ज्वारी कुठली होती, दळण कोण आणायचं, आणि धाकट्या काकूचं माहेरचं नाव.