आद्याक्षरांची मुद्रा

पुणें–सोलापूर रस्त्यावरील टेंभुर्णीच्या बाजारांत दुकानांच्या पाट्या वाचतांना आम्हांस एक गोष्ट खटकली. मालक मराठी, गिऱ्हाईक मराठी. पण नांवाची मुद्रा म्हटली कीं रोमन अक्षरें एकमेकांत गुंतविलेलीं! जर्मन चित्रकार ड्यूरर यानें आपल्या ‘ए’च्या पायांमध्यें ‘डी’ बसविला, तो शोभला; कारण ‘ए’ला दोन पाय आहेत. आपणांस ही उसनवारी कशाला? देवनागरींत आद्याक्षर मात्रेसह येतें. विष्णूचा ‘वि’ आणि वसंताचा ‘व’ निराळे दिसतात, रोमनमध्यें दोघेही ‘व्ही’च. शिरोरेषा तर अक्षरांना आयतीच जोडते. मात्र ‘म’ आणि ‘ठ’ जोडले तर ‘मठ’ होतो, एवढी सावधगिरी हवी!

खरी मराठी मुद्रा पहावयाची तर स्वयंपाकघरांतील पितळी परातीवर पहावी. तेथें छिन्नीच्या ठिपक्यांनीं मालकाचीं आद्याक्षरें घातलेलीं असतात. लग्नाच्या गर्दींतून परात घरीं परत यावी, एवढाच त्यांचा हेतु. म्हणूनच त्यांत नटवेपणा नाहीं. आमच्या घरची परात वर्षानुवर्षें चिंचेनें घासली जात आहे. तिच्यावरचीं अक्षरें पुसट झालीं, पण अजून वाचतां येतात.