तुतारी आणि पत्ता

बँकेत वीस वर्षं काढल्यावर माणसाला एक खोड लागते. कुठलाही कागद हाती आला, की आधी सही आणि पत्ता बघायचा!

परवा आईसाठी ‘अयोध्येचा राजा’ची जुनी सीडी लावली. १९३२ सालचा हा बोलपट प्रभातनं इथंच, आमच्या कोल्हापुरात काढला. आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू. पण दुर्गाबाई खोट्यांचा आवाज तरी ऐकायचा होता. आधी लागली सीडीवाल्या कंपनीची जाहिरात! “आमच्या वेबसाइटला अवश्य भेट द्या.” सवयीनं पत्ता टिपला, भेटीला गेलो. तिथं कुणीच नाही. खातं बंद, खातेदार बेपत्ता!

समीक्षक म्हणून माझा शेरा असा : रंग भडक, आवाज फार, शिल्लक शून्य. उलट प्रभातचं पाहा. १९३३ साली पुण्याला गेली, १९५३ साली बंद पडली. पण तिच्या बोधचिन्हातल्या तुतारी फुंकणाऱ्या बाईनं कुणाला पत्ता दिला नाही, तरी लोक तिला अजून ओळखतात.

मी हे व्याख्यान आईला ऐकवत होतो. ती म्हणाली, “तारामती बोलायला लागली न्हवं? मग त्या मेल्यांचा पत्ता तुला कशाला रे हवा? गप बस, ऐकू दे!”

बसलो.