जुन्या चेहऱ्याचा नवा संगणक

ऑक्टोबर २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘सरफेस आरटी’ हा टॅबलेट संगणक बाजारात आणला. पडद्यावर ओळखीची विंडोज दिसे. पण चित्रफिती दाखवणारा व्हीएलसी प्लेअर त्यावर बसवायला जावे, तर तो चालत नसे. असे का व्हावे?

प्रोग्रॅम म्हणजे शेवटी प्रोसेसरला दिलेल्या आज्ञांची मालिका. तेव्हाच्या नेहमीच्या विंडोज संगणकांत इंटेल धर्तीचा प्रोसेसर असे. सरफेस आरटीमध्ये कमी वीज खाणारा, एआरएम पद्धतीचा ‘टेग्रा ३’ होता. दोघांची आज्ञांची भाषा निराळी. एकासाठी तयार केलेली फाइल दुसऱ्याला निरर्थक.

ही अडचण खरी, पण न सुटणारी नव्हे. व्हीएलसीचा मूळ प्रोग्रॅम सर्वांना खुला आहे. तो एआरएमसाठी नव्याने कंपाइल करता येतो. अँड्रॉइडसाठी २०१२ मध्येच तसे केले गेले होते. मग इथेच का अडले? सरफेस आरटीच्या डेस्कटॉपवर फक्त मायक्रोसॉफ्टची सही असलेले प्रोग्रॅम चालत. इतरांनी कंपनीच्या स्टोअरमधून, तिच्या नियमांत बसेल अशी नवी रचना करूनच यायचे. यात सुरक्षितता होती, हे मान्य. आमचा आक्षेप वेगळा आहे. एक अडचण यंत्राची होती, दुसरी धोरणाची. आणि विंडोज हे नाव वाचून घेणाऱ्या गिऱ्हाइकाला दोन्ही सारख्याच अनपेक्षित होत्या. जुलै २०१३ मध्ये कंपनीने या टॅबलेटच्या साठ्यापोटी ९० कोटी डॉलरचा तोटा दाखवला.

वर्गात एखादे यंत्र ‘चालत नाही’ म्हटले, की विद्यार्थ्यांना विचारायला शिकवू या: चालू शकत नाही, की चालू दिले जात नाही?