केकी मूस कोणत्या गटात?

कला-विज्ञानाच्या संगमाचं कौतुक आपण भाषणात करतो. स्पर्धेचा अर्ज मात्र आधी गट विचारतो. २००६ पासूनच्या 'आविष्कार'मध्ये आपली जळगाव-धुळ्याची मुलं उतरतात. तिथे ललित कला भाषा-मानव्यविद्यांसोबत, मूलभूत विज्ञान दुसरीकडे. आता चाळीसगावचे केकी मूस (१९१२–१९८९) घ्या. घरातल्या टेबलावर किरकोळ वस्तू मांडायच्या, प्रकाश असा टाकायचा की फोटोत अख्खं निसर्गदृश्य उभं राहावं. यात चित्रकार कुठे संपला, प्रकाशशास्त्र कुठे सुरू झालं? जन्मभर तत्त्वज्ञान शिकवूनही आम्हांला ती रेघ सापडलेली नाही. आज एखाद्या पोरानं संगणकावर तसं दृश्य केलं, तर परीक्षकांनी सॉफ्टवेअर कुठलं एवढंच विचारू नये; सावली त्याच बाजूला का पडली, तेही विचारावं.