दान्ते आणि फ्लॉरेन्सचे कुलीन

दान्तेच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’कडे आपण बहुधा नरक, शुद्धिस्थान आणि स्वर्ग यांचे वर्णन म्हणूनच पाहतो. ‘स्वर्ग’ या भागातील पंधरा ते सतरा हे सर्ग मात्र एका नगराचे समाजचित्रही आहेत. कुलीन कोणाला म्हणावे, हा त्यांच्या मुळाशी असलेला प्रश्न होय.

मध्ययुगीन इटलीत या प्रश्नाचे उत्तर सोपे नव्हते. तेथील कुलीन हा केवळ जहागिरीवर बसून राहणारा सरदार नव्हे. तो नगरात राही, मनोरा बांधी, प्रसंगी सावकारी करी आणि नगराच्या सैन्यात घोड्यावरून लढे. फ्लॉरेन्सने १२९३ च्या ‘न्यायाच्या अध्यादेशां’नी बलाढ्य घराण्यांना सर्वोच्च पदांपासून दूर ठेवले. ती घराणी कोणती हे ठरविताना, घरात कोणी नाइट झाला आहे काय आणि लोक त्या घराला काय समजतात, हे पाहिले गेले. कुलीनता दप्तरापेक्षा लोकांच्या तोंडी अधिक होती.

दान्ते स्वतः फार मोठ्या घराण्यातला नव्हता. वैद्य व औषधविक्रेत्यांच्या श्रेणीत नाव नोंदवून तो राजकारणात आला, १३०० मध्ये प्रायर झाला आणि १३०२ मध्ये हद्दपार झाला. हद्दपारीत लिहिलेल्या ‘कोन्व्हिव्हिओ’च्या चौथ्या प्रबंधात, जुनी संपत्ती म्हणजे कुलीनता हे मत त्याने खोडून काढले. कुलीनता हे ईश्वराने एकेका आत्म्यात पेरलेले बीज आहे. कूळ माणसाला थोर करीत नाही, माणूस कुळाला थोर करतो, असे त्याचे प्रतिपादन आहे.

आणि हाच दान्ते स्वर्गात खापरपणजोबा काच्चाग्वीदा भेटताच, ते सम्राट कॉनराडकडून नाइट झाले होते हे ऐकून फुलून जातो! आतापर्यंत त्यांना ‘तू’ म्हणणारा तो एकदम आदरार्थी बोलू लागतो, आणि बेआत्रिचे किंचित हसते. कुलीनता हा आखूड होत जाणारा झगा आहे, रोज नवे कापड जोडले नाही तर काळ त्याला कात्री लावतो, हेही तो येथेच सांगतो. प्रबंधात जे तर्काने सिद्ध केले, ते रक्तात मुरलेले नाही, याची ही कबुली आहे. आमच्या मते येथे कवी तत्त्वज्ञाहून अधिक प्रामाणिक ठरतो.

तरीही एक आक्षेप नोंदवावाच लागेल. काच्चाग्वीदा नगराच्या ऱ्हासाचे खापर खेड्यांतून आलेल्यांवर फोडतात; आकोने गावाहून आलेले धनाढ्य चेर्की कुटुंबही त्यातून सुटत नाही. बीज जर ईश्वर पेरतो, तर ते नगराच्या तटाबाहेरच्या मातीत का रुजू नये? या प्रश्नापाशी बेआत्रिचे हसत नाही, कवीही थांबत नाही. फ्लॉरेन्सला पारखा झालेल्या माणसाचे दुःख आम्ही समजू शकतो. पण दुःखाने केलेला न्याय हा न्यायच असतो असे नाही. हे सर्ग वाचताना त्या स्मिताचा आस्वाद अवश्य घ्यावा, आणि जेथे ते उमटत नाही, ती जागाही ध्यानी ठेवावी.