ग्रंथ, गाणे आणि समीक्षेचा न्याय

दलित साहित्यावरील कोणतीही प्रश्नपत्रिका घ्या. तिच्यात कविता असते, कथा असते, आत्मकथन तर असतेच. गाणे नसते. ज्या चळवळीने आपला विचार वस्तीवस्तीत गाण्यातून नेला, त्या चळवळीच्या साहित्याचा अभ्यास करताना गाणे वर्गाबाहेर ठेवावे लागते, ही गोष्ट मला मराठीची विद्यार्थिनी म्हणून सतत टोचत आली आहे. आमच्यापैकी अनेकांच्या घरात ग्रंथ येण्यापूर्वी गाणे आले. बाबासाहेबांचे नाव, चवदार तळे, काळाराम मंदिर, धर्मांतर हे सारे आमच्या आयांनी वाचले नाही, ऐकले. मग आमच्या आयांचे हे ऐकणे ज्ञान नव्हे काय? ते ज्ञान असेल तर समीक्षेने त्याची दखल का घेतली नाही? प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर आपल्याच घरातल्या काही गोष्टी उघड्या करते.

१९७८ या वर्षाचे उदाहरण घेऊ. त्या वर्षी दया पवारांचे ‘बलुतं’ आले आणि मराठी साहित्यविश्व हादरले. परीक्षणे झाली, वाद झाले, अनुवाद झाले. पुढे ‘उपरा’ (१९८०), ‘अक्करमाशी’ (१९८४), ‘जिणं आमुचं’ (१९८६) अशी आत्मकथनांची रांग लागली आणि ती अभ्यासक्रमात गेली. हे योग्यच झाले. परंतु त्याच १९७८ साली भीमराव कर्डक यांचे ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. ज्या माणसाने स्वतः जलसा उभा केला, गावोगाव फिरवला, त्याने आपल्या हाताने लिहिलेला हा दस्तऐवज. त्याच्या वाट्याला काय आले? संशोधकांच्या संदर्भसूचीतील एक ओळ. त्या पुस्तकातील गाणी व संवाद यांची वाङ्मय म्हणून चिकित्सा करण्याची गरज फारच थोड्यांना वाटली. एकाच वर्षी आलेली, एकाच चळवळीच्या पोटातून जन्मलेली ही दोन पुस्तके. एकाला साहित्याचे आसन मिळाले, दुसऱ्याला इतिहासाच्या अडगळीतली जागा.

असे का घडले? माझ्या मते याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण म्हणजे प्रस्थापित समीक्षेची मोजपट्टी. छापील पान, एकांतातला वाचक, एकटा लेखक आणि त्याची ‘स्वतंत्र प्रतिभा’ यांवर ती उभी आहे. जलशातले गाणे या पट्टीने मोजताच येत नाही. त्याची चाल उसनी असते, ध्रुवपद समुदायाच्या तोंडी असते, प्रयोगागणिक शब्द बदलतात. दुसरे कारण अधिक कडू आहे. वाद्य आणि नाच ही गावगाड्याने आपल्यावर लादलेली कामे होती. हलगी वाजवणे हा मानाचा प्रश्न नव्हता, ती सक्ती होती. १९२७ च्या महाड सत्याग्रहानंतर मेलेली ढोरे ओढणे सोडा, लाचारीची कामे सोडा, हा विचार गावोगाव गेला, तेव्हा या कामांबरोबर त्यांच्याशी जोडलेली कलाही अनेकांनी टाकली. ते टाकणे हा स्वाभिमानाचा भाग होता आणि त्याला कोणी नावे ठेवू नयेत. परंतु त्या नकाराची सावली पुढे गाण्यावरही पडली. शिकलेल्या पिढीला तमाशाच्या सांगाड्यातून आलेला जलसा थोडा ओशाळवाणा वाटू लागला. तिसरे कारण असे की १९६० नंतरची आपली साहित्यचळवळ नियतकालिकांतून वाढली. छापील शब्दाला दाद मागायची होती ती छापील शब्दाच्या दरबारात. तेथे गाणे घेऊन जाण्याची सोय नव्हती.

या कारणांपुढे मान तुकवण्याची मात्र गरज नाही. कारण आपला स्वतःचा इतिहास वेगळे सांगतो. जोतीराव फुल्यांनी १८६९ साली शिवाजी महाराजांवर पोवाडा रचला. १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि पुढे त्याच्या विचाराने जलसे उभे राहिले. बाबासाहेबांनी १९२० मध्ये ‘मूकनायक’ व १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ काढले आणि त्यानंतरच्याच काळात आंबेडकरी जलशांचे फड गावागावांत फिरू लागले. जे पत्र वाचू शकत होते त्यांच्यासाठी पत्र, जे वाचू शकत नव्हते त्यांच्यासाठी जलसा. एकच विचार दोन वाटांनी चालला. त्यात उच्चनीच कोणी ठरवले नव्हते. जलशाने तमाशाचा सांगाडा घेतला, पण गणातला देव बदलला, गवळणीला फाटा दिला किंवा तिचा आशय पालटला आणि वगाच्या जागी पाणवठा, सावकार, शिक्षण, अंधश्रद्धा हे प्रश्न आणले. रूप ठेवून आशय उलटा करणे हे मोठे वाङ्मयीन काम आहे. हेच काम एखाद्या नाटककाराने शहरातल्या रंगमंचावर केले असते तर त्यावर प्रबंध निघाले असते.

अण्णा भाऊ साठ्यांच्या बाबतीत तर आपण एकाच माणसाचे दोन तुकडे केले आहेत. १९४४ साली अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक उभारणारे अण्णा भाऊ, १९५८ साली मुंबईतल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन करणारे अण्णा भाऊ आणि १९५९ साली ‘फकिरा’ देणारे अण्णा भाऊ हे एकच आहेत. परंतु वर्गात कादंबरीकार शिकवला जातो आणि शाहीर जयंतीपुरता आठवला जातो. त्यांच्या कादंबरीतील निवेदनाची गती, प्रसंगाची चढण, संवादाची फेक यांचे मूळ फडात आहे, हे शाहीर वगळून कसे समजावे?

वामनदादा कर्डकांचा विचार करताना हा अन्याय अधिक स्पष्ट होतो. सिन्नर तालुक्यातील देशवंडीत १९२२ साली जन्मलेला हा माणूस मुंबईत येऊन प्रौढ वयात अक्षरे शिकला. १९४३ साली त्यांनी पहिले गीत रचले, तेही एका हिंदी गाण्याच्या चालीवर. २००४ साली ते गेले तोपर्यंत त्यांची गाणी त्यांच्या नावाशिवायही लोकांच्या तोंडी राहत होती. समीक्षक म्हणेल, चाल उसनी, म्हणून रचना दुय्यम. मी विचारते, ऐकणाऱ्याकडे वही नाही, पेन नाही, वाचता येत नाही. अशा माणसाच्या स्मरणात विचार साठवायचा तर कोणती युक्ती करावी? त्याला आधीच पाठ असलेली चाल घ्यावी आणि तिच्यात नवा शब्द बसवावा. चाल ही इथे वही आहे. ध्रुवपद पुन्हा पुन्हा येते ते रंजनासाठी नाही, श्रोत्याने विधान आपल्या तोंडाने उच्चारावे म्हणून येते. प्रत्येक कडवे एकेक दाखला देते आणि ध्रुवपद निष्कर्षाकडे परत आणते. ही युक्तिवादाची बांधणी आहे. ती तपासण्याचे शास्त्र आपल्याला घडवावे लागेल, उसने मिळणार नाही.

येथपर्यंत माझे म्हणणे अनेकांना पटेल. परंतु न्याय म्हणजे केवळ गौरव नव्हे. ज्याला आपण साहित्य मानतो त्याची आपण झाडाझडती घेतो. गाण्याला न्याय द्यायचा तर त्याचे दोषही तितक्याच निर्भयपणे सांगितले पाहिजेत. आजच्या भीमगीतांचा मोठा भाग केवळ जयघोषाचा आहे. त्यात बाबासाहेबांचा कोट आहे, गाडी आहे, थाट आहे. त्यांचा विचार नाही. रमाईवरील अनेक गाण्यांत ती फक्त सोसते. गोवऱ्या, उपास, अश्रू यांपलीकडे तिला मन असल्याचा पत्ता लागत नाही. जातिव्यवस्थेवर तुटून पडणारे गाणे घरातल्या बाईच्या सोसण्याला मात्र दागिना ठरवते, हे आपण ऐकून घ्यायचे काय? आणि डीजेच्या भिंतीपुढे शब्दच ऐकू येत नसतील तर गाण्याचे प्रयोजन काय उरले?

या संदर्भात शर्मिला रेगे यांनी २००८ साली मांडलेला विचार महत्त्वाचा आहे. जयंतीला, दीक्षाभूमीवर, चैत्यभूमीवर जे घडते ते अविवेकी विभूतिपूजन आहे, हा आक्षेप त्यांनी तपासला आणि तेथे विकल्या जाणाऱ्या पुस्तिका व गाणी मिळून एक वेगळे विचारविश्व उभे करतात असे दाखवले. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर गेलेल्या कोणालाही हे पटेल. एकाच चादरीवर पुस्तिका आणि कॅसेटी मांडलेल्या असत. कॅसेटची जागा पुढे सीडीने आणि नंतर मोबाईलने घेतली, पण पुस्तकांचे ढीग कमी झाले नाहीत. तेथे ग्रंथ आणि गाणे यांच्यात भिंत नाही. रेगे यांचे हे म्हणणे मला मान्य आहे. त्यापुढे एक पाऊल टाकावेसे वाटते. बाहेरच्यांच्या आक्षेपाला उत्तर देऊन झाल्यावर आतली निवड आपणच केली पाहिजे. त्यासाठी मी तीन प्रश्न सुचवते. गाणे ऐकणाऱ्याला काही विचारते, की फक्त मान डोलवायला लावते? गाण्यातील बाई बोलते, की तिच्याविषयी फक्त बोलले जाते? आणि गाणे संपल्यावर श्रोत्याच्या हाती एखादी माहिती, एखादे कर्तव्य, एखादा संशय उरतो काय? वामनदादांच्या उत्तम रचना या कसोटीला उतरतात. त्यांच्याही साऱ्याच उतरत नाहीत, आणि तसे म्हणण्याने त्यांचा अवमान होत नाही.

न्यायाचा आणखी एक पदर वाद्याच्या कातड्याशी जोडलेला आहे. टी. एम. कृष्णा यांनी २०२० साली ‘सेबॅस्टियन अँड सन्स’ हे इंग्रजी पुस्तक लिहिले. मृदंग बनवणाऱ्या कारागिरांचा तो इतिहास आहे, आणि त्या कारागिरांत दलित ख्रिस्ती घराणी मोठ्या संख्येने आहेत. ज्या वाद्याला कर्नाटक संगीतात पवित्र मानतात, त्याचे कातडे कमावणारा हात मात्र अस्पृश्य राहिला. पुस्तकाच्या प्रकाशनासाठी चेन्नईच्या कलाक्षेत्राने दिलेले सभागृह परत घेतले, यातच सारे आले. आपल्याकडील ढोलकी, हलगी, संबळ यांविषयी असे पुस्तक मराठीत हवे. वाद्य कोणी मढवले, कोणी वाजवले, कोणी सोडले आणि कोणावर ते लादलेलेच राहिले? हा शेवटचा प्रश्न आपल्यातल्या सर्व जातींनी एकमेकांना विचारण्याचा आहे. ज्यांनी हलगी सोडली त्यांचा स्वाभिमान आणि ज्यांच्या पोटाला अजून हलगीच आहे त्यांची कला, दोन्हींचा मान एकाच चळवळीत राखता आला पाहिजे.

आणि बायका? जलशाच्या फडात बहुतेक पुरुषच होते. परंतु गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्यांची संख्या लाखाच्या वर आहे आणि त्यांत बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्याही आहेत. दळणाऱ्या बाईने कोणाच्या परवानगीशिवाय, कोणत्याही मंचाशिवाय आपले मत नोंदवले. तिचे नाव आपल्या वाङ्मयेतिहासात कोठे आहे?

म्हणून माझी मागणी मोठी नाही, पण नेमकी आहे. दलित साहित्याच्या प्रत्येक अभ्यासक्रमात जलसा, शाहिरी व ओवी यांना स्वतंत्र घटक मिळावा. गाणे छापताना त्याची चाल, रचनाकार, गायक, गाव व साल यांची नोंद व्हावी. वृद्ध गायक-गायिका हयात आहेत तोवर विद्यार्थ्यांनी आपल्या गावापासून ध्वनिमुद्रणाला प्रारंभ करावा. आणि आपल्या नियतकालिकांनी कवितासंग्रहाचे परीक्षण छापतात त्याच गांभीर्याने गाण्याचे परीक्षण छापावे, कठोर परीक्षण छापावे. शिक्षकांनी, कार्यकर्त्यांनी या कामात आम्हा विद्यार्थ्यांना साथ द्यावी. आमच्या आयांना जे पाठ आहे ते त्यांच्याबरोबर जाण्यापूर्वी हे व्हायला हवे.