भंडाऱ्यातून ऐकलेलं रायपूर

दूरची रेडिओ केंद्रं ऐकण्यासाठी भंडाऱ्याइतकी चांगली जागा विदर्भात क्वचितच असेल. नकाशा काढून पाहा. पश्चिमेला साठेक किलोमीटरवर नागपूर, पूर्वेला दोनशेवर रायपूर, आणि तिन्ही गावं जवळजवळ एकाच अक्षांशावर. उत्तरेला सव्वादोनशे किलोमीटरवर जबलपूर. दक्षिणेला, थोडं पश्चिमेकडे कलून, हैदराबाद.

ट्रान्झिस्टरच्या पोटात बहुधा लांबीच्या दिशेनं फेराइटची कांडी बसवलेली असते. तिचं टोक ज्या केंद्राकडे असेल ते सर्वांत क्षीण ऐकू येतं, तिची बाजू ज्याकडे असेल ते सर्वांत स्पष्ट. त्यामुळे सेट पूर्व-पश्चिम लांब ठेवला की नागपूर आणि रायपूर एकदम मागे सरतात. 801 किलोहर्ट्झवर जबलपूर आणि 738 वर हैदराबाद मोकळी होतात.

दिवसा 585 वरचं नागपूर भिंतीसारखं स्थिर असतं. तीनशे किलोवॅटचं हे प्रक्षेपण जमिनीलगत येतं. रायपूर आणि जबलपूरही त्याच वाटेनं येतात, पण वाटेत झिजून. त्यापलीकडचं दुपारी फारसं काही नाही, कारण साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवरचा वातावरणाचा थर उन्हात मध्यम लहरी शोषून घेतो. सूर्य गेला की तो थर विरतो आणि त्याच्या वरच्या थरांवरून लहरी खाली परततात. वरून लहरी परतवणारा असा थर खरोखर आहे, हे ॲपलटन यांनी 1924 मध्ये दाखवलं आणि 1947 चं नोबेल मिळवलं.

संध्याकाळ पूर्वेकडून येते, हे कानांना जितकं कळतं तितकं डोळ्यांना कळत नाही. कोलकात्याचा सूर्य आपल्याआधी पस्तीसेक मिनिटं मावळतो, मुंबईचा आपल्यानंतर जवळपास अर्ध्या तासानं. म्हणून 657 वरची बांगला आधी उजळते आणि मुंबई मागाहून. हा क्रम ऐकायला मी दिवेलागणीला काटा हळूहळू फिरवत बसतो.

पण खरी चव रात्रीच्या रायपूरची, 981 ची. इतक्या अंतरावर जमिनीवरून आलेली लहर आणि आकाशातून परतलेली लहर एकाच वेळी पोचतात, कधी एकमेकींना साथ देतात, कधी खोडतात. निवेदकाचा आवाज भरून येतो, मग पोकळ होतो, शब्दांच्या कडा विरघळतात. गाणं चालू असेल तर पेटीचा सूर हरवतो आणि डग्गा तेवढा उरतो. क्षणभरानं सगळं पुन्हा समोर. शिवाय 972 वर शेजारी कटक. दोघंही पूर्वेलाच, म्हणून सेट कसाही फिरवा, ती वेगळी होत नाहीत. हिंदी-छत्तीसगढीच्या खाली उडिया झिरपत राहते. कोणाला ही गडबड वाटेल. मला त्यात पूर्वेचा सगळा मुलूख ऐकू येतो.

थंडीतली पहाट याहून सरस. डिसेंबर-जानेवारीत भंडाऱ्याला साडेसहानंतर सूर्य उगवतो आणि आकाशवाणीची केंद्रं त्याआधीच, सहाच्या सुमारास, सुरू होतात. वॉल्टर कॉफमन यांची म्हणून ओळखली जाणारी ती संकेतधून तेव्हा काट्यावर जागोजागी वाजत असते, प्रत्येक केंद्राची वेळ जराशी मागेपुढे. मग मराठी, तेलुगू, बांगला निवेदनं एकामागून एक. उन्हाळ्यात हे मिळत नाही. सहा वाजेपर्यंत उजाडलेलं असतं, लांबची केंद्रं गेलेली असतात, आणि उरते ती दूरच्या विजांची कडकड.

एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर यांच्या खरखरीनं हे ऐकणं अवघड केलं आहे. गावात लाइन गेली की बँड एकदम स्वच्छ होतो. दुसरी अडचण मोठी आहे: देशात मध्यम लहरींची अनेक प्रक्षेपणं बंद झाली आहेत. नागपूरजवळच्या एक हजार किलोवॅटच्या प्रक्षेपकावरून 1566 वर रात्रभर चालणारी राष्ट्रीय वाहिनीही 2019 मध्ये थांबवण्यात आली.

माळ्यावर जुना ट्रान्झिस्टर पडला असेल तर या हिवाळ्यात त्यात नवे सेल घाला. पहाटे पावणेसहाला, घरातले दिवे बंद ठेवून, अंगणात न्या. आधी उत्तर-दक्षिण लांब धरून पूर्वेकडचं लावा, मग आडवा फिरवून जबलपूर शोधा.